सव्वादोन वर्षांच्या कर्णबधिर मुलीला खुणांची भाषा शिकवावी का?

बार्शीकडच्या एका वडिलांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सव्वादोन वर्षांची. बेरा तपासणीत, म्हणजे मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते बघणाऱ्या चाचणीत, दोन्ही कानांत ९० डेसिबलच्या पुढचा श्रवणदोष निघाला. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायच्या ऐकण्याच्या यंत्रासाठी, कागदपत्रं दिली आहेत. बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्टनी बजावलंय, "घरात खुणा अजिबात करू नका, नाहीतर ती बोलणारच नाही." त्याच आठवड्यात ओळखीच्या एका कर्णबधिर शिंप्याने मुलीला मांडीवर घेतलं, दहा मिनिटं हातांनी गप्पा मारल्या, आणि एरवी कुणाकडे न जाणारी मुलगी खिदळत राहिली. आता वडील विचारतात: दोघांपैकी ऐकायचं कोणाचं? आणि ही भाषा शिकली तरी शाळेत, दवाखान्यात, कचेरीत तिला विचारतो कोण? कायद्याचा काही आधार आहे का?

दादा, आधी उत्तर देते, मग कारणं सांगते. शिंप्याचं ऐका. इम्प्लांट करायचं ठरलं असेल तर तेही जरूर करा, थेरपीची एकही खेप चुकवू नका. पण भाषेसाठी ऑपरेशनच्या तारखेची वाट बघू नका. खुणांची भाषा आज संध्याकाळपासून घरात येऊ द्या.

मी हे कशाच्या जोरावर सांगते, तेही सांगायला हवं. माझे आई-वडील दोघंही जन्मापासून कर्णबधिर. माझी पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा. मराठी मी शेजारच्या काकूंच्या ओट्यावर आणि त्यांच्या रेडिओसमोर बसून शिकले. पुढे ६ वर्षं एका निवासी शाळेत कर्णबधिर मुलांना शिकवलं आणि गेली २२ वर्षं दुभाषी म्हणून काम करते. दवाखाने, कोर्टं, पोलीस ठाणी, बँका, लग्नाच्या बैठकी, सगळीकडे.

"खुणा केल्या तर मूल बोलणार नाही" हा समज तुमच्या थेरपिस्टचा एकट्याचा नाही. तो फार जुना आहे. १८८० च्या सप्टेंबरात इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १६४ प्रतिनिधी जमले होते, त्यांत कर्णबधिर एकच. तोंडी बोली खुणांपेक्षा श्रेष्ठ आहे, असा ठराव १६० विरुद्ध ४ मतांनी झाला आणि वर्गात केवळ तोंडी पद्धत वापरावी, असा ठराव त्याच्या पाठोपाठ झाला. युरोपातल्या शाळांमधून कर्णबधिर शिक्षक घरी बसले. मुंबईत कर्णबधिरांची पहिली शाळा निघाली तीही त्याच दशकात, आणि आपल्याकडचं शिक्षण पुढे याच वळणावर गेलं. त्या परिषदेच्या परंपरेतल्याच व्हँकुव्हरच्या परिषदेने २०१० मध्ये हे ठराव नाकारले आणि झाल्या नुकसानीबद्दल खेद व्यक्त केला. मधे १३० वर्षं गेली. पण आपल्याकडच्या कितीतरी वर्गांपर्यंत तो खेद अजून पोचलेला नाही.

मीही तशाच वर्गात शिकवत होते. बाकीच्या शाळांत बाई म्हणतात, "हाताची घडी, तोंडावर बोट." कर्णबधिर मुलांच्या शाळेत हाताची घडी घालायला लावली की तोंडावर बोट ठेवायची गरजच उरत नाही. मूल तेवढ्यानेच गप्प होतं. माझ्या आईच्या हातांनी मला वाढवलं आणि मी दुसऱ्यांच्या मुलांचे हात बांधले, कारण अभ्यासक्रमात तसं होतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं, आणि म्हणूनच हे एवढं सविस्तर लिहिते आहे.

ओठ वाचून मूल शिकेल असं सांगतात. एक करून बघा. आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता तीन शब्द म्हणा: पापा, बाबा, मामा. ओठांची हालचाल तिन्ही वेळा तीच दिसेल. भाषा आधीपासून येत असेल तर माणूस संदर्भावरून अंदाज बांधतो. जिला भाषाच मिळालेली नाही तिने कशावरून बांधायचा? क, ख, ग, घ तर घशाशी होतात, ते ओठांवर येतच नाहीत.

आता मुख्य मुद्दा. मुलाच्या मेंदूला पहिल्या चार-पाच वर्षांत एक पूर्ण भाषा लागते. ती कानातून आली काय आणि डोळ्यांतून आली काय, मेंदूला चालतं. कर्णबधिर आई-वडिलांची तान्ही बाळं हातांनी बोबडं बोलतात, बोटांचे अर्धेमुर्धे आकार पुन्हा पुन्हा करून बघतात, हे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदलेलं आहे. आपलं ऐकणारं बाळ जसं "बाबाबा" करत राहतं, तसंच ते. मला त्यासाठी संशोधन लागत नाही, माझ्या कर्णबधिर भाच्याला मी पाळण्यात तसं करताना पाहिलंय. पण ज्या मुलाला कानातूनही भाषा पोचत नाही आणि डोळ्यांसमोरही कोणी धरत नाही, त्याची ही वर्षं कोरडी जातात. दहातली नऊ कर्णबधिर मुलं ऐकणाऱ्या आई-वडिलांच्या पोटी जन्मतात, म्हणजे बहुतेकांच्या घरात ही भाषा नसते. ती बाहेरून आणावी लागते.

शाळेत माझ्याकडे एक मुलगा आला होता, तेरा वर्षांचा. आई-वडील ऊसतोडीला जायचे, सहा महिने फडावर. त्याच्याकडे घरच्या पन्नासेक खुणा होत्या: जेवण, पाणी, बैल, कोयता, मार, ये, जा. काल आणि उद्या नव्हते. नावं नव्हती, स्वतःचंही नाही. "का" तर नव्हताच. वर्गात मी त्याला आरसा घेऊन "प" शिकवत होते, आणि रात्री वसतिगृहाच्या व्हरांड्यात मोठी मुलं त्याला भाषा शिकवत होती. मी बघितलं, पण मुख्याध्यापकांना सांगितलं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर वडील त्याला सोडायला आले. निघताना त्याने वडिलांचा सदरा धरला आणि हात हलवायला लागला. वडिलांना कळेना, मला बोलावलं. तो विचारत होता, "मला आधी का नाही आणलंस?" त्याच्या आयुष्यातला तो बहुधा पहिला "का" असेल. मी तो वडिलांना मराठीत सांगितला. ते बराच वेळ चपलांकडे बघत उभे राहिले.

भाषा न मिळण्याची किंमत किती असू शकते, ते गीता या कर्णबधिर मुलीच्या बाबतीत सगळ्या देशाने पाहिलं. लहानपणी समझौता एक्स्प्रेसमधून ती पाकिस्तानात पोचली, तिथल्या ईधी फाउंडेशन या सेवाभावी संस्थेने तिला सांभाळलं, २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये ती भारतात परत आली. बोलता येत नाही, लिहिता येत नाही, आणि लहानपणी कोणी सांकेतिक भाषाही दिलेली नाही, त्यामुळे गावाचं नाव सांगायला साधनच नव्हतं. रेल्वे, नदी, उसाची शेतं एवढ्या खुणांवरून शोध चालला आणि आई मराठवाड्यात असल्याचं पुढे आलं ते २०२१ मध्ये. पाच-सहा वर्षांची ऐकणारी मुलगी पोलिसाला गावाचं नाव सांगून रात्रीपर्यंत घरी आली असती. सांकेतिक भाषा येणारी कर्णबधिर मुलगीसुद्धा आली असती.

इम्प्लांटबद्दल स्पष्ट बोलते, कारण सांकेतिक भाषेची बाजू घेणारे सगळे यंत्राच्या विरोधात असतात असं लोकांना वाटतं. मी नाही. लवकर झालेल्या ऑपरेशननंतर आणि नेटाने केलेल्या थेरपीनंतर छान बोलणारी मुलं मी पाहिली आहेत. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून ते मोफतही होतं. पण तेवढीच मुलं मी अशी पाहिली आहेत, ज्यांना आवाज येतो पण शब्द उमगत नाही. कुणाचं ऑपरेशन उशिरा झालं, कुणाला मॅपिंगसाठी, म्हणजे यंत्राचा आवाज मुलाला जुळवून घेण्यासाठी, दर खेपेला २०० किलोमीटर जाणं जमलं नाही, कुणाचा प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा कानाबाहेरचा भाग, बिघडला आणि वायरीचे पैसे जमेपर्यंत चार महिने तो कपाटात राहिला. कोणतं मूल कुठे पोचेल हे ऑपरेशनआधी कोणीही छातीठोक सांगू शकत नाही. आणि सगळं उत्तम झालं तरी आंघोळीला, झोपताना, पोहताना यंत्र उतरतं. त्या वेळी ती कर्णबधिरच असते. रात्री ताप भरला आणि तिला काय दुखतंय ते सांगायचं असेल, तेव्हा ती कोणत्या भाषेत सांगणार?

खुणा शिकल्याने बोलणं बंद पडतं, हे सिद्ध झालेलं नाही. उलट कर्णबधिर आई-वडिलांच्या घरी पाळण्यापासून खुणा करणारी आणि पुढे इम्प्लांट झालेली मुलं बोलण्यातही चांगली पुढे जातात, असं अभ्यासांत दिसलेलं आहे. कारण साधं आहे. एका भाषेवर दुसरी भाषा चढवता येते. आपल्याकडे घरात कानडी, गल्लीत मराठी आणि शाळेत इंग्रजी असलेली मुलं सोलापुरात गल्लोगल्ली आहेत. कानडीमुळे मराठी बुडेल असं त्यांना कोणी सांगत नाही.

थेरपिस्टशी भांडू नका. त्यांना एवढंच सांगा, की आम्ही दोन्ही करणार आहोत, तुम्ही तुमचं काम पूर्ण करा. हल्ली समजून घेणारे थेरपिस्टही भेटतात.

ही भाषा आहे तरी काय? पुष्कळांना वाटतं, हातवारे. काहींना वाटतं, मराठीचे शब्द एकेक करून हातांनी दाखवायचे. दोन्ही चूक. तिला स्वतःचं व्याकरण आहे. "तू कुठे राहतेस?" हे भारतीय सांकेतिक भाषेत साधारण असं येतं: तू, राहणे, जागा, आणि शेवटी प्रश्नाची खूण. तीच प्रश्नाची खूण "चेहरा" याला जोडली की "कोण" होतं. बाईची खूण नाकावर, चमकी असते त्या जागी बोट टेकवून, आणि पुरुषाची मिशीवरून. या खुणा इथल्याच मातीतल्या आहेत, हे वेगळं सांगायला नको. "देणे" ही खूण माझ्याकडून तुमच्याकडे सरकली तर "मी तुला दिलं", उलट आली तर "तू मला दिलंस". कर्ता आणि कर्म दोन्ही हाताच्या दिशेतच आले, वेगळे शब्द लागले नाहीत. "तू जेवलीस" आणि "तू जेवलीस?" यांत हात तेच राहतात, फरक भुवयांत. आपण आवाज चढवतो, ते भुवया चढवतात. म्हणून तोंड निर्विकार ठेवून खुणा करणारा माणूस कर्णबधिरांना एकसुरी वाटतो. दुभाष्याने काळ्या मास्कमागे उभं राहून भाषांतर करावं अशी एकदा मला सूचना आली होती. मी नकार दिला. ते म्हणजे गायकाला सूर न लावता गा म्हणण्यासारखं झालं असतं.

जगभर एकच सांकेतिक भाषा असते, हाही गैरसमज. अमेरिका आणि इंग्लंड दोन्हीकडे इंग्रजी बोलतात, पण तिथल्या सांकेतिक भाषा एकमेकींना कळत नाहीत. मुंबईच्या कर्णबधिर माणसाचं कराचीतल्या माणसाशी न्यूयॉर्कपेक्षा कितीतरी जास्त जमेल. देशातही रंगांच्या, वारांच्या खुणा शहरागणिक बदलतात, व्याकरण मात्र एक. कर्नाटकातल्या अलीपूरसारख्या गावात तर पिढ्यान्‌पिढ्या कर्णबधिर माणसं जास्त असल्याने गावाची स्वतःचीच सांकेतिक भाषा तयार झाली, आणि ती ऐकणाऱ्यांनाही येते. सांकेतिक भाषेचं देशभर प्रमाणीकरण करायचं असं २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटलंय, पण स्थानिक सांकेतिक भाषांचा आदर राखून, शक्य तिथे त्याही शिकवाव्यात, हेही त्याच परिच्छेदात आहे. हे दुसरं वाक्य विसरलं जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. दिल्लीच्या व्हिडिओतली खूण बरोबर आणि माझ्या वडिलांची गिरणगावातली खूण चूक, असं तरुण मुलं म्हणायला लागली की जीव तुटतो.

आता घरात काय करायचं. सर्वांत आधी त्या शिंपीदादांना गाठा. आठवड्यातून दोनदा घरी बोलवा, किंवा मुलीला त्यांच्याकडे घेऊन जा, आणि त्यांना वेळेचे पैसे द्या. ते उपकार करत नाहीत, शिकवत आहेत. भाषा व्हिडिओवरून येत नाही, माणसाकडून येते. व्हिडिओ तुमच्या सरावासाठी. दिल्लीची भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र ही सरकारी संस्था २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्या शब्दकोशाची २०२१ ची आवृत्ती १०,००० शब्दांची आहे आणि ती इंटरनेटवर फुकट बघता येते. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची. तिथे तपासणी, मार्गदर्शन आणि सांकेतिक भाषेचे अभ्यासक्रम असं सगळं एका ठिकाणी मिळतं. बार्शीहून लांब आहे, पण एक खेप करा.

दोघं नवरा-बायको आणि आजी, तिघांनीही शिका. एकट्या आईला खुणा येतात अशी घरं मी खूप पाहिली. तिथे आई ही मुलीची आयुष्यभराची दुभाषी होते आणि बाप "तिला काय म्हणायचंय गं?" असं विचारत म्हातारा होतो.

रोजच्या कामात बोला. पोळी लाटताना, दिवा लावताना, एसटीची वाट बघताना. आधी तिची नजर मिळवा, मगच हात हलवा. खांद्यावर हलकेच टिचकी मारा, जमिनीवर पाय आपटा, किंवा दिव्याचं बटण एकदा बंद-चालू करा. माझी आई फळीवर पाय आपटून मला हाक मारायची, खालच्या मजल्यावरचे भाडेकरू तिला ओळखून होते. एक वस्तू दाखवून एक खूण, असं पाढ्यासारखं घोकू नका. तिच्यासमोर तुम्ही दोघं एकमेकांशी खुणांत बोला. ऐकणारं मूल मोठ्यांचं बोलणं कानावर पडूनच शिकतं. तिच्या डोळ्यांवरही तसंच घरातलं बोलणं पडायला हवं. उद्या मामाकडे जायचंय, आजोबा का चिडलेत, वीजबिल जास्त आलं, हे सगळं.

शाळेचा प्रश्न अवघड आहे, आणि इथे माझं मत पुष्कळांना पटत नाही. सर्वसमावेशक शिक्षणाच्या नावाखाली कर्णबधिर मुलाला गावच्या शाळेत चाळीस ऐकणाऱ्या मुलांमध्ये एकटं बसवतात. फळ्यावरचं उतरवून घेतं, वही सुरेख असते, बाई खूश असतात. पण दिवसभर त्या मुलाशी कोणी बोललेलं नसतं. आपल्याकडे ही भाषा टिकली ती वसतिगृहांच्या व्हरांड्यांत. घरातून येणारी भाषा आई मुलाला देते, ही भाषा मोठी मुलं धाकट्यांना देतात. निकाराग्वात १९७७ नंतर मानाग्वाच्या शाळांत कर्णबधिर मुलं पहिल्यांदा एकत्र आली. शिक्षक त्यांना ओठ वाचायला शिकवत होते आणि मुलांनी मैदानात, बसमध्ये, शिक्षकांच्या नकळत एक नवी भाषाच उभी केली. भाषाशास्त्रज्ञांनी ती जन्मताना पाहिली. मुलं एकत्र नसतील तर हे होत नाही. म्हणून कर्णबधिर मुलांच्या शाळा पट कमी झाला म्हणून एकेक करून बंद होताना दिसल्या की मला फक्त इमारत बंद झालेली दिसत नाही. तिथून पुढच्या पिढीकडे जाणारी वाट बंद झालेली दिसते.

तेव्हा शाळा बघायला जाल तेव्हा रंगीत भिंती बघू नका. विचारा: शिक्षकांत कर्णबधिर माणूस आहे का? किती शिक्षकांना सांकेतिक भाषा खरोखर येते? मधल्या सुट्टीत मैदानावर थांबा. मुलं मोकळेपणाने हात चालवत असतील आणि जवळ आलेल्या शिक्षकाला बघून हात खाली जात नसतील, तर ती शाळा चांगली. साध्या शाळेतच घालायचं असेल तर आणखी दोन-तीन कर्णबधिर मुलांच्या पालकांना जमवून एकाच शाळेत प्रवेश घ्या आणि मिळून सांकेतिक भाषा येणारा विशेष शिक्षक मागा.

आणि हो, वाचायला लवकर शिकवा. लिखित मराठी ही तिची दुसरी भाषा असेल, आणि दुसरी भाषा म्हणूनच शिकवावी लागेल. बोर्डाच्या परीक्षेत कर्णबधिर मुलांना सवलती आहेत, पण सवलतीने पास झालेल्या मुलाला बँकेचा फॉर्म वाचता येत नाही, हे मी दर महिन्याला बघते.

आता हक्क. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. दोन्ही कानांत ७० डेसिबल श्रवणदोष असलेली व्यक्ती त्यात कर्णबधिर धरली जाते, म्हणजे तुमची मुलगी येते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून घ्या, पुढचं सगळं त्यावर चालतं. "संवाद" या शब्दाच्या व्याख्येत सांकेतिक भाषा आहे. कलम १६ म्हणतं की कर्णबधिर मुलांना सर्वांत योग्य भाषेतून आणि संवादपद्धतीतून शिक्षण मिळालं पाहिजे. कलम १७ म्हणतं की सांकेतिक भाषा येणारे शिक्षक, त्यांत दिव्यांग शिक्षकही, सरकारने तयार करावेत आणि नेमावेत. ६ ते १८ वर्षं मोफत शिक्षण, सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आणि त्यातला १ टक्का कर्णबधिर व कमी ऐकू येणाऱ्यांसाठी. त्याआधीच, १ ऑक्टोबर २००७ ला, भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारावर शिक्कामोर्तब केलंय. त्या कराराच्या व्याख्येतच भाषा म्हणजे बोलली जाणारी आणि खुणांची, दोन्ही, असं लिहिलंय. शाळेने किंवा कचेरीने दाद दिली नाही तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. लेखीच करा, पोचपावती घ्या.

पोलीस आणि कोर्टाबद्दल मुद्दाम सांगते, कारण वेळ आल्यावर शोधत बसायला फुरसत नसते. लैंगिक अत्याचाराची तक्रार करणारी बाई दिव्यांग असेल तर पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी जाऊन, दुभाषी किंवा विशेष शिक्षक समोर ठेवून ती नोंदवायची असते आणि चित्रीकरण करायचं असतं. पॉक्सोमध्ये, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, मुलांसाठीही अशी मदत घेण्याची तरतूद आहे. कर्णबधिर साक्षीदाराने खुणांनी दिलेली साक्ष ही तोंडी साक्षच मानली जाते. "हिला काही सांगता येत नाही" असं म्हणून ठाण्यातून परत पाठवलेल्या दोन मुलींच्या केसमध्ये मी पुढे दुभाषी होते. दोघींना सगळं सांगता येत होतं. दुसरीने तर आरोपीच्या शर्टाच्या तुटक्या बटणापर्यंत सांगितलं.

दवाखान्यासाठी मी का इतकी आग्रही आहे, ते सांगते. मी अकरा वर्षांची असताना आईला दवाखान्यात नेलं होतं. दुभाषी म्हणून मीच. डॉक्टर मला म्हणाले, "आईला सांग, पिशवी काढावी लागेल." मला एकच पिशवी माहीत होती. मी आईला बाजाराच्या पिशवीची खूण केली आणि काढून टाकायची म्हणून सांगितलं. आईने मान डोलावली, खाटेच्या दांडीला अडकवलेली कापडी पिशवी काढली, आतलं लुगडं आणि डबा बाजूला ठेवला आणि रिकामी पिशवी नर्सच्या हातात दिली. नर्स हसली. मग कोणीतरी कागद पुढे केला, आईने सही केली. गर्भाशय काढलंय, हे तिला कळलं ते महिन्याभराने, दुसऱ्या कर्णबधिर बाईकडून. त्या वेळी ती चौतीस वर्षांची होती, आणि तिला आणखी एक मूल हवं होतं.

म्हणून कुठल्याही घरातल्या मुलाला दुभाषी करू नका, तुम्हाला पुढे दुसरं मूल झालं तर त्यालाही नाही. डॉक्टर, कोर्ट, बँक इथे प्रशिक्षित दुभाषी मागा. सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांसाठी दोन वर्षांची पदविका आहे, आणि कर्णबधिर व्यक्तींसाठी ही भाषा शिकवण्याची वेगळी पदविका आहे. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता त्यांना असते. दुभाष्यांची संख्या गरजेच्या मानाने फार थोडी आहे, आणि जे आहेत ते शहरांत. पण व्हिडिओ कॉलवर काम होतं. स्वस्त डेटा आणि मोबाइलवरचे व्हिडिओ कॉल आले, तेव्हा माझे वडील साठीचे होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नागपूरच्या मित्राला "फोन" केला. फोन भिंतीला टेकवून दोन तास बोलत होते, जेवायला उठले नाहीत.

भाषेला मान मिळतोय का? थोडा थोडा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात भारतीय सांकेतिक भाषा हा आता माध्यमिक स्तरावर भाषा विषय म्हणून घेता येतो. पीएम ई-विद्या या सरकारी शैक्षणिक उपक्रमाची ३१ नंबरची टीव्ही वाहिनी डिसेंबर २०२४ पासून या भाषेसाठी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकिलांनी तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्यापुढे दुभाष्यामार्फत बाजू मांडली. मी ते रेकॉर्डिंग आईला दाखवलं, तिने तीनदा बघितलं. पण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत ही भाषा नाही. दक्षिण आफ्रिकेने २०२३ मध्ये आपल्या सांकेतिक भाषेला बारावी अधिकृत भाषा केलं, न्यूझीलंडने तर आपल्या सांकेतिक भाषेला २००६ मध्येच अधिकृत दर्जा दिला. आपल्याकडच्या २०११ च्या जनगणनेत ऐकण्यात दोष असलेले ५० लाखांवर लोक मोजले, पण त्यांतल्या किती जणांची भाषा सांकेतिक आहे हा आकडा कुठे नाही. पुढच्या वेळी गणना करणारे दारात आले की मुलीच्या मातृभाषेच्या रकान्यात भारतीय सांकेतिक भाषा लिहायचा आग्रह धरा. माझ्या आई-वडिलांच्या नावापुढे दरवेळी "मराठी" लिहून नेलं, कारण दार मी उघडायचे आणि मला तेव्हा सुचलं नाही.

शेवटचं एक. बारशाला नाव आत्या ठेवते. पण या भाषेतलं नाव ऐकणाऱ्या माणसाने ठेवायचं नसतं, ते कर्णबधिर माणूसच देतो, माणसाचं काहीतरी बघून: गालावरची खळी, कपाळावर येणारी बट, हसण्याची लकब. तुमच्या मुलीला अजून असं नाव नसेल. या रविवारी शिंपीदादांना जेवायला बोलवा, मुलीला त्यांच्याजवळ खेळू द्या, आणि नाव ठेवायला सांगा. तुमचं आणि तिच्या आईचंही ठेवून घ्या. तिला तुम्हाला हाक मारायची असेल.